६३ सीसीचा मिनी टिलर: गोराईच्या वाळूत पास, सोसायटीच्या भरावात जपून

मुंबईत माती खणायचा 'गार्डन टिलर' मागितला की बहुतेक वेळा एकाच घडणीचं यंत्र समोर येतं. टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, त्याखाली गिअरबॉक्स, गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना वाकड्या पात्यांचे संच आणि मागे हँडल. रंग वेगळा, स्टिकर वेगळा, आतला माल जवळपास सारखा. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या जातीच्या यंत्राचं आहे.

निकाल आधीच सांगतो. गोराई, मनोरी, उत्तन, वसई या पट्ट्यातल्या भुसभुशीत, वाळूमिश्रित वाड्यांमध्ये हा टिलर आपली किंमत वसूल करून देतो. उपनगरातल्या सोसायट्यांच्या भरावाच्या जमिनीतही तो चालतो, पण चालवणाऱ्याला त्याची रीत माहीत हवी. पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या) आणि गच्चीवरच्या बागेत मात्र तो न्यायचाच नाही.

ती रीत एका वाक्याची आहे: टिलर ढकलायचा नसतो, अडवायचा असतो. पाती फिरली की ती चाकासारखी पुढे पळायला बघतात. आपण त्यांना मागे रोखून धरलं की ती जागेवर राहून खाली जातात आणि माती फुटते. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. ते हातगाडीसारखं ढकलतात, यंत्र वरच्या वर उड्या मारत निघून जातं आणि दोष 'पॉवर कमी आहे' असा यंत्राला लागतो.

अडवण्याचं काम हाताचं नाही, मागच्या लोखंडी दांडीचं. पात्यांच्या मागे जमिनीत रुतणारी एक उभी दांडी असते, तिला चार-पाच भोकं असतात. पिन बदलून दांडी खाली घेतली की यंत्र सावकाश चालतं आणि खोल जातं. वर घेतली की भरभर चालतं आणि वरवर खणतं. हँडल खाली दाबलं की दांडी रुतते, यंत्र थांबून खणतं. हँडल जरा उचललं की पुढे सरकतं. दाब, थांब, उचल, पुढे. हा ताल जमला की वीस किलोच्या आसपासचं हे यंत्र सडपातळ माणूसही अर्धा तास सहज चालवतो. खांदे आणि मनगटं दुखायला लागली तर दांडीची पिन चुकीच्या भोकात आहे असं समजावं.

आता खरेदी. स्टिकरवर ६३, ६८, ७२ काहीही छापलेलं असू शकतं. खरं काय ते इंजिनच्या अंगावर कोरलेलं असतं. १ई४४एफ असं दिसलं तर त्याचा अर्थ एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, ४४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), हवेने थंड होणारं. म्हणजे साधारण ५२ सीसी. १ई४८एफ असेल तर बोअर ४८ मिलिमीटर, म्हणजे ६३ सीसीच्या आसपास. ५२ सीसीचं इंजिन मन लावून चाललं तर दोन अश्वशक्तीच्या जवळपास देतं. 'पाच एचपी' लिहिलेलं बघून भाव ठरवू नका, क्रमांक वाचून ठरवा. वाळूमिश्रित मातीला ५२ सीसी पुरतं. मुरमाच्या भरावाला ४८ मिलिमीटर बोअरचं, म्हणजे ६३ सीसीचंच इंजिन घ्या.

दुकानात पैसे देण्याआधी आणखी एक गोष्ट बघायची, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. या टिलरला सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिन मंद चालत असताना पाती फिरता कामा नयेत. रेस दिली की फिरायची, सोडली की थांबायची. यंत्र उचलून दोन विटांवर ठेवायला लावा, दोन पावलं लांब उभे राहा आणि मंद गतीवर चालवून दाखवायला सांगा. पाती सरकत असतील तर आयडलिंगचा (मंद गतीचा) स्क्रू जास्त पिळलेला आहे किंवा क्लचची स्प्रिंग ढिली आहे. स्क्रू जागेवर आणूनही पाती थांबली नाहीत तर ते यंत्र घ्यायचं नाही. रेस सोडली की पाती थांबणं हीच या यंत्राची एकमेव खरी सुरक्षा आहे.

पात्यांची दिशाही तिथेच तपासा. डावा आणि उजवा संच वेगळा असतो. धारेची बाजू पुढे, म्हणजे फिरताना आधी धार मातीत शिरली पाहिजे. जोडताना संच उलटे गेले की बोथट पाठ जमिनीवर आपटते, यंत्र धडधडतं आणि खणत काहीच नाही. नवीन टिलरबद्दलच्या तक्रारीत हे कारण बरेचदा निघतं आणि दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

इंधनात घाई नको. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) मिसळायचं, तेही लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये हलवून तयार करायचं, टाकीत वरून ओतायचं नाही; ऑइल तळाशी बसतं आणि सुरुवातीची काही मिनिटं धुराची आणि पुढची कोरडी जातात. मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० चालत नाही, ते जळून जाण्यासाठी बनवलेलं नसतं. ऑइलशिवाय साधं पेट्रोल घातलं तर काही मिनिटांत पिस्टन धरतो, मग दुरुस्तीचा खर्च इतका येतो की नवीन इंजिनचा विचार करावा लागतो.

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओलीची कमतरता नाही. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच बनवा. महिन्याहून जास्त काळ यंत्र उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं इंजिन चालवून जाळून टाका. हे केलं नाही तर आतला रबरी डायफ्रॅम कडक होतो आणि दिवाळीत काढलेलं यंत्र चोकवर चालू होतं, चोक काढला की बंद पडतं. हे लक्षण दिसलं की प्लग बदलण्यात पैसे घालवू नका, कार्ब्युरेटर उघडा.

चालू करताना: प्राइमरचा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबा, चोक बंद करा (म्हणजे हवेची वाट बंद), दोरी हळू ओढून जिथे जड लागते तिथपर्यंत आणा आणि मग एक झटका द्या. दोरी शेवटपर्यंत ताणू नका, हातातून सोडूनही देऊ नका. इंजिन एकदा फुरफुरलं की चोक उघडून पुन्हा ओढा. दहा वेळा ओढूनही चालू झालं नाही तर प्लग काढून बघा. ओला असेल तर पुसा, चोक उघडा ठेवा, स्विच बंद करून दोरी चार-पाच वेळा ओढा, प्लग लावा. उन्हात तापलेल्या इंजिनमध्ये पेट्रोल ओतू नका, दहा मिनिटं थांबा.

जमीन तपासणं हा मुंबईतला निम्मा भाग आहे. सोसायटीची 'बाग' म्हणजे इमारत बांधून झाल्यावर उरलेल्या डबरावर टाकलेली वीतभर लाल माती असू शकते. खाली सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, बांधायची तार, प्लास्टिकच्या गोण्या. त्यामुळे आधी दहा मिलिमीटरची टोकदार सळई घेऊन दर फुटावर वीतभर टोचत जा. टक्क आवाज आला तिथे टिकावाने उकरून दगड काढा. बागेतल्या दिव्यांच्या केबल, ठिबकच्या नळ्या, पाण्याचे आणि पाइप गॅसचे मार्ग सोसायटीच्या नकाशावर बघून चुन्याची फक्की मारून घ्या. गॅसच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना मीटरभर जागा हाताने खणा, तिथे टिलर नाही. दिव्यांच्या केबल कमी खोलीवर टाकलेल्या असतात. काम चालू असेपर्यंत त्यांचा पुरवठा मुख्य स्विचवरून बंद ठेवा.

मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून निदान दीड मीटर लांब राहा. झाडाला अन्न-पाणी पुरवणारी बारीक मुळं वरच्या फूटभर थरातच जास्त असतात. ती तोडली की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी फांद्या वाळायला लागतात आणि तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

पोडियमची बाग वेगळी का, तेही सांगतो. तिथे मातीखाली गाळणीचं कापड, पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे पत्रे आणि त्याखाली वॉटरप्रूफिंग असतं. पातं एकदा कापडात अडकलं की ते गुंडाळत वर येतं, माती निचऱ्यात उतरते, आणि खालच्या पार्किंगच्या छताला ओल दिसते ती पुढच्या पावसाळ्यात. अशा बागेला खुरपं, हातकुदळ आणि वरून कंपोस्टचा थर हेच बरोबर.

वाफसा, म्हणजे खणायला योग्य इतकी ओल, या शब्दाशिवाय टिलरवर बोलताच येत नाही. मूठभर माती वीतभर खोलीवरून घ्या, आवळा. गोळा होत नसेल तर माती कोरडी आहे, यंत्र उसळेल आणि धूळ उडेल. गोळा होऊन कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, काढा यंत्र. चपटा होऊन पडला किंवा माती बोटांना चिकटून राहिली तर यंत्र परत घरी न्या. ओल्या चिकण मातीत पाती माती फोडत नाहीत, लिंपतात. वर चिखलाची ढेकळं आणि खाली गुळगुळीत थर तयार होतो, आणि पाणी त्या थरावर तुंबतं. ऑक्टोबरच्या उन्हात ती ढेकळं विटेसारखी होतात.

मुंबईत वाफशाचे दिवस मोजके आहेत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरभर सर्वांत चांगला काळ. मे महिन्यात जमीन कडक असते. तेव्हा संध्याकाळी भरपूर पाणी देऊन दोन दिवस थांबा आणि मग चालवा. भर पावसाळ्यात किनाऱ्याची वाळूमिश्रित जमीन एक-दोन दिवसांच्या उघडीपीनंतर चालते, मुरमाची नाही.

पहिल्या फेरीत ५ ते ७ सेंटिमीटरच. दुसरी फेरी पहिलीला आडवी, १० ते १२. तिसरी पुन्हा उभी, १५ पर्यंत. एका फेरीत १५ गाठायचा प्रयत्न केला की क्लच घसरतो आणि ब्रेक जळल्यासारखा वास येतो. रेस मात्र अर्धवट ठेवायची नाही. सेंट्रिफ्युगल क्लच अर्ध्या रेसवर पूर्ण पकडत नाही, घासत राहतो. म्हणून रेस पूर्ण आणि खोली कमी. जमीन फारच कडक असेल तर दोन्हीकडचे बाहेरचे संच काढून टाका. रुंदी घटते, पण तीच ताकद कमी पात्यांवर येते आणि यंत्र खाली शिरतं. शेणखत किंवा कंपोस्ट पसरायचं ते शेवटच्या फेरीआधी, म्हणजे वरच्या थरात सारखं मिसळतं.

वेळेचा हिशेब असा. पात्यांच्या ४० सेंटिमीटर रुंदीतली तिसरा हिस्सा जागा आधीच्या पट्ट्यावर चढवायची, म्हणजे कामाची रुंदी २७ सेंटिमीटर. मिनिटाला १५ मीटर चाललात तर ४ चौरस मीटर होतात. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. एका फेरीला २५ मिनिटं, वळणं आणि विश्रांती धरून ३५-४०. तीन फेऱ्यांना दोन तास आणि दीड-दोन लिटर मिश्रण. दर २० मिनिटांनी थांबा. इंजिनला गरज असते, आणि हँडलच्या कंपाने बोटांना मुंग्या येतात त्याही थांबल्याशिवाय जात नाहीत.

आता ते बिघडतं कुठे, ते जवळून बघा. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आणि पहिलं पातं यांच्यात बोटभर फट असते. सुतळी, नायलॉनची दोरी, दुधाच्या पिशवीची पट्टी, हराळीची लांब मुळं, सगळं त्या फटीत गुंडाळलं जातं. बाहेरून फक्त मातीचा काळा पट्टा दिसतो. आत ती दोरी करकचून आवळत जाते, घर्षणाने तापते आणि ऑइल सीलच्या (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठाखाली शिरते. मग गिअरबॉक्सखाली काळ्या तेलाचा रुपयाएवढा डाग दिसतो. तो डाग दुर्लक्षित राहिला की आतला वर्म गिअर कोरडा चालतो आणि दहा-बारा तासांत घासून संपतो. सील स्वस्त आहे, गिअर नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर इंजिन बंद, प्लगची टोपी काढून बाजूला, संच शाफ्टवर धरून ठेवणारी आर-पिन ओढा, पात्यांचा संच शाफ्टवरून सरकवून काढा आणि कटरने गुंडाळलेलं सगळं कापून घ्या. नुसतं इंजिन बंद करून हात घालू नका. चुकून दोरी ओढली गेली तरी इंजिन चालू होऊ नये, यासाठीच टोपी काढायची.

आर-पिन हरवते, ठरलेलंच आहे. दोन जास्तीच्या पिना टूलकिटमध्ये ठेवा. पिनेच्या जागी खिळा वाकवून घालणं फार धोक्याचं. खिळा तुटतो आणि पात्यांचा संच चालू यंत्रातून सुटून बाजूला फेकला जातो.

चालवणाऱ्याच्या अंगावर घोट्याच्या वर येणारे बंद बूट, जाड पँट, चष्मा, कानाला मफ हवेत. लुंगी, पदर, ओढणी, गळ्यातला गमछा नको. लहान मुलं आणि कुत्री आवाजाने जवळ येतात. पाच मीटरच्या आत कुणी नसावं आणि ते बघायला एक माणूस वेगळा उभा असावा. उतारावर आडवं चालवा, उभं नाही. कुंपणाच्या दगडांपासून फूटभर जागा सोडा, ती कुदळीने पूर्ण करा. आवाजाचं म्हणाल तर चालवणाऱ्याच्या कानाशी तो ९० डेसिबलच्या वर जातो आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. सोसायटीत सकाळी दहानंतर, आधी नोटीस लावून आणि तुकड्यातुकड्यांनी काम करणं शेजाऱ्यांच्या दृष्टीने बरं.

एक गैरसमज दूर केलाच पाहिजे. टिलर तण मारतो, पण सगळं नाही. हराळी आणि लव्हाळा असलेल्या जागी तो उलटा त्रास देतो. हराळीच्या प्रत्येक पेराच्या तुकड्याला फूट येते आणि लव्हाळ्याच्या गाठी वाफाभर पसरतात. अशा जागी आधी कुदळीने गाठींसकट काढा, उन्हात वाळवा, मग टिलर फिरवा. टिलर खरा शोभतो वसईच्या भाजीच्या वाडीत, वांग्या-मिरचीच्या दोन ओळींमध्ये. तिथे बाहेरचे संच काढून ५ सेंटिमीटरवर फिरवला की कोवळं तण मुळासकट सुटतं आणि रोपाला धक्का लागत नाही.

सात अश्वशक्तीचा फोर-स्ट्रोक हा याचा मोठा भाऊ. त्याच्या इंजिनवर १७०एफ असतं, ७० मिलिमीटर बोअर, २१२ सीसी. कडक मुरमात तो सरस आहे, पण जड आहे आणि त्याला रिव्हर्स गिअर असतो. अपघाताची खरी जागा तीच: मागे भिंत किंवा झाड असताना रिव्हर्स टाकला की माणूस मध्ये सापडतो. शक्यतो वळवूनच घ्या. नवीन यंत्रात इंजिन ऑइल भरलेलं नसू शकतं, त्यामुळे ऑइल मोजायची दांडी बघितल्याशिवाय दोरी ओढायची नाही. साधारण ६०० मिली लागतं, पहिल्यांदा २० तासांनी बदलायचं. दहा गुंठ्यांच्या पुढे हाच घ्या. सातबारा असेल तर कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका. विजेवरचा १५०० वॅटचा टिलर छोट्या अंगणाला शांत आणि चांगला, पण तो साडेसहा अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू नका. १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) हवा. वायर नेहमी खांद्यावरून मागे.

६३ सीसीच्या बाजूने मोठी गोष्ट वजन. पेट्रोल काढून टाकलं की तो रिक्षात मावतो, गोराईच्या फेरीबोटीतून नेता येतो आणि दोन मजले जिन्याने चढवता येतो. विरुद्ध बाजूने धूर, आवाज आणि हलक्या प्रतीच्या पिना-नटबोल्ट. पहिल्या दोन तासांच्या कामानंतर हँडलचे आणि गिअरबॉक्सचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, अपवाद नाही.

पावसाळ्यात ठेवताना प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा. पात्यांचे संच काढून शाफ्टला ग्रीस चोपडा. हे राहिलं तर समुद्राच्या हवेने संच शाफ्टला असा चिकटतो की ऑक्टोबरमध्ये घणानेही निघत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम सुटतो. लाकडी फळीवर ठेवून सुती कापड टाका.

सुट्या भागांसाठी मशिदबंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला फेरी मारा. ऑइल सील आणि बेअरिंगवर नंबर छापलेला असतो, तो नंबर किंवा जुना नगच सोबत न्या. 'टिलरचं सील द्या' म्हटलं तर अंदाजाने दिलेलं सील अर्ध्या मिलिमीटरने मोठं निघतं. टिलर विकत घेतानाच दोन सील, एक प्लग, एक स्टार्टर दोरी, कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम सेट आणि चार आर-पिना बिलात टाकून घ्या. हे भाग दुकानदार ठेवत नसेल तर त्याच्याकडून यंत्रही घेऊ नका.